माळ्यावरचं विमान खाली काढताना: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजात असताना प्लास्टिकची विमानं जोडली, पुढे नोकरी-धंदा, लग्न, पोरं यात डबा माळ्यावर गेला आणि आता पुन्हा हात शिवशिवायला लागलेत, अशांसाठी हे पान आहे. रिमोटवर उडणाऱ्या विमानांबद्दल इथे काही नाही. टेबलाशी बसून जोडायची, रंगवायची आणि काचेच्या कपाटात ठेवायची स्केल मॉडेल, एवढाच विषय. प्रश्न इथल्याच लोकांचे आहेत, त्यामुळे उत्तरंही इथल्या उन्हाला, पाण्याला आणि बाजाराला धरून दिली आहेत.

वीस-पंचवीस वर्षांनी परत येतोय. एवढ्यात काय बदललं?

किटचा दर्जा खूपच सुधारला. पूर्वी पत्र्यांच्या जोडांच्या रेषा प्लास्टिकवर उठावदार असायच्या आणि सांधा घासताना पुसल्या जायच्या. आता त्या कोरलेल्या येतात. साचे संगणकावर आखलेले असल्यामुळे चांगल्या कंपनीच्या किटमध्ये पंख आणि धड यांच्यात फट जवळजवळ राहत नाही. एनॅमल रंगाच्या डब्यांची जागा बऱ्याच अंशी ॲक्रिलिक रंगांनी घेतली आहे. कॉकपिटसाठी पितळी पत्र्याचे नाजूक भाग, थ्रीडी प्रिंट केलेल्या खुर्च्या, कॅनॉपी (वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच) झाकायला कापून तयार मास्क असं बरंच काही वेगळं विकत मिळतं. पहिल्या वर्षी यातलं काहीही घेऊ नका.

आणखी एक बदल म्हणजे जगातल्या उत्तमोत्तम मॉडेलांचे फोटो आता रोज मोबाइलवर दिसतात. ते बघून बरेच जण किट उघडायच्या आधीच हातपाय गाळतात. फोटोतली माणसं वर्षानुवर्षं हेच करत आलेली आहेत. तुम्ही आधी एक विमान चाकांवर उभं करा, मग बघू.

पहिलं किट कोणतं घ्यावं?

एका इंजिनाचं, पंख्याचं, दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान. एअरफिक्सचं १/७२ मधलं (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं) नव्या साच्याचं स्पिटफायर, किंवा खिसा परवानगी देत असेल तर तामियाचं १/४८ मधलं कोणतंही. तामियाची जुळणी इतकी चोख असते की चूक झाली तर ती आपलीच, हे लगेच कळतं. एडुआर्डची किट सुंदर असतात, पण भाग फार आणि बारीक. घ्यायचंच असेल तर त्यांची ‘वीकेंड’ आवृत्ती घ्या, तिच्यात पितळी पत्रे नसतात.

सुखोई-३० ने सुरुवात करू नका. हा सल्ला कुणी ऐकत नाही, तरी देऊन ठेवतो.

एक गोष्ट तपासून घ्या. एअरफिक्स, रेवेल, हासेगावा या कंपन्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे साचेही नव्या चकचकीत खोक्यात विकतात. खोका नवा, आत माल जुना. घ्यायच्या आधी त्या किटचा साचा कोणत्या वर्षीचा आहे ते इंटरनेटवर शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

१/७२ की १/४८?

१/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट मॉडेलवर एक इंच. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. तो १/७२ मध्ये साडेपंधरा सेंटीमीटर होतो, १/४८ मध्ये साडेतेवीस. मिग-२१ चे पंख मुळातच आखूड, जेमतेम ७.१५ मीटर, त्यामुळे १/७२ मध्ये ते दहा सेंटीमीटरच भरतात. उलट सुखोई-३० ची लांबी जवळपास २२ मीटर. १/४८ मध्ये ते जवळपास सेहेचाळीस सेंटीमीटर लांब होतं आणि शोकेसचा एक अख्खा कप्पा त्यालाच द्यावा लागतो.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर १/७२. डोळ्यांचा त्रास असेल तर १/४८. दोन्ही असेल तर १/४८, पण लहान विमान: मेसरश्मिट, नॅट, मिग-२१.

माळ्यावर जुनं किट सापडलं. ते जोडू का?

जोडा, पण त्याला सरावाचं किट समजा. पत्र्याखालच्या किंवा स्लॅबलगतच्या माळ्यावर इथले उन्हाळे काढलेलं किट नेमकं कुठे बिघडलेलं असतं ते सांगतो.

सर्वात आधी डिकल बघा. डिकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं. ती पिवळी पडली असतील तर प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून, चित्राची बाजू बाहेर करून, खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. उन्हाने पिवळेपणा उतरतो. परदेशातले लोक याला महिने लागतात म्हणतात, पण आपल्याकडे ऊन फुकट आणि भरपूर आहे. नंतर नको असलेलं एखादं चिन्ह पाण्यात टाकून बघा. त्याचे तुकडे पडले तर उरलेल्यांवर आधी क्लिअर लॅकरचा पातळ हात मारा आणि प्रत्येक चिन्ह कडेने कापून घ्या.

मग चाकं. काही किटमध्ये मऊ रबरी टायर यायचे. ते वर्षानुवर्षं प्लास्टिकला टेकून राहिले की त्यातला तेलकट अंश प्लास्टिकला खातो आणि तिथे खड्डा पडतो. वाकलेला पंख कडक गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, थोडा वेळ धरून हळूच सरळ करता येतो. ओरखडे पडलेली कॅनॉपी २००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून शेवटी साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चोळली की बऱ्यापैकी निवळते. एनॅमलच्या डबीचं झाकण घट्ट बसलेलं असेल तर आतला रंग अजूनही वापरण्याजोगा निघू शकतो. ट्यूबमधला गम मात्र फेकून द्या.

हत्यारं सोलापुरात मिळतात का?

बहुतेक सगळी, फक्त ती मॉडेलच्या दुकानात शोधायची नाहीत. मेडिकल-सर्जिकल सामानाच्या दुकानात तीन नंबरचं हँडल आणि अकरा नंबरची ब्लेड मागा. डॉक्टर ज्याने चिरा देतात तेच, आणि परदेशी हॉबी नाइफपेक्षा पैसे कमी. तिथेच सुई नसलेल्या सिरिंज घ्या, रंग मोजून पातळ करायला त्यांच्यासारखं काही नाही. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर ४०० पासून २००० नंबरपर्यंत सुटा मिळतो. कॉस्मेटिक्सच्या दुकानातला नखं चमकवायचा चौपदरी बफर सांध्यासाठी उत्तम. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे टोकदार चिमटे आणि बारीक निपर मिळतात. निपर घेताना त्याची एक बाजू सपाट आहे का ते बघा, नाहीतर भाग फ्रेममधून कापताना त्याचा लचका निघतो. ओळखीचे दातांचे डॉक्टर असतील तर बाद झालेली टोकदार हत्यारं मागून घ्या. आनंदाने देतात.

पुट्टीसाठी गॅरेजवाले वापरतात ती एनसी पुट्टी, म्हणजे त्यांच्या भाषेत लांबी, चालते. मात्र थर पातळ हवा. जाड लावली तर तिच्यातलं सॉल्व्हंट खालचं प्लास्टिक मऊ करतं आणि वाळताना सगळंच खाली बसतं.

इथे न मिळणाऱ्या गोष्टी तीनच: किट, प्लास्टिक सिमेंट आणि मॉडेलचे रंग. त्या मुंबई, पुणे, बेंगळुरूकडच्या ऑनलाइन दुकानांतून मागवाव्या लागतात.

फेविक्विकने जोडलं तर? आणि फेविकॉल?

प्लास्टिक सिमेंट हा खरा तर चिकटवायचा गम नाहीच. ते दोन्ही बाजूंचं पॉलिस्टायरीन क्षणभर विरघळवतं, ते एकमेकांत मिसळतं आणि सॉल्व्हंट उडून गेलं की दोन भागांचा एकच तुकडा होतो. सांधा दिसेनासा करायची युक्ती यातच आहे. धडाचे दोन्ही अर्धे भाग जुळवून धरा, बारीक ब्रशने पातळ सिमेंट सांध्याच्या रेषेवर नुसतं टेकवा. ते आपोआप आत ओढलं जातं. थोडं थांबून दोन्ही बाजूंनी हलका दाब द्या. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा दोऱ्याएवढा बारीक उंचवटा वर येईल. त्याला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी तो कडक झाला की घासून टाका. पुट्टीची गरजच पडत नाही.

फेविक्विक धातू आणि रेझिनच्या भागांना ठीक. पारदर्शक भागांजवळ मात्र आणू नका. त्याची वाफ काचेवर बसते आणि पांढरी धूसर साय येते, ती आतून असेल तर पुसताही येत नाही. कॅनॉपीला साधा पांढरा फेविकॉल लावा. वाळला की पारदर्शक होतो, बाहेर आलेला ओल्या ब्रशने पुसता येतो, आणि कधी काढायची वेळ आली तर कॅनॉपी न मोडता निघते.

आपल्या उन्हाळ्यात रंगकाम होतं का?

होतं, पण दुपारी बारा ते पाच नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना ॲक्रिलिक ब्रशच्या केसांतच सुकतं. एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने, मारलं तर थेंब हवेतच वाळतात आणि विमानावर रंग बसायच्या ऐवजी भुकटी बसते. हात फिरवला की खरखरीत लागतं. पहाटे उठून किंवा रात्री नऊनंतर रंगवा. रंगात वाळणं लांबवणारा रिटार्डर एखादा थेंब घाला. तामियाचं ॲक्रिलिक वापरत असाल तर त्याच कंपनीच्या किंवा मिस्टर कलरच्या रिटार्डरवाल्या लॅकर थिनरने पातळ करा, ते सावकाश वाळतं आणि छान पसरतं.

नुसत्या ब्रशने रंगवणार असाल तर तामिया घेऊच नका. दुसरा हात मारताना पहिला उचलला जातो. व्हॅलेहो घ्या आणि ते पाण्याने किंवा त्यांच्याच थिनरने पातळ करा. त्यात स्पिरिट किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घातलं तर दही लागतं. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर एअरब्रश धुवायला ठेवा, प्लास्टिकपासून लांब.

पावसाळ्यात वेगळी तऱ्हा. आपली हवा कोकणासारखी दमट नाही, पण झड लागलेल्या दिवशी लॅकर मारलं तर ओलावा धरून पांढरट छटा येते. त्या दिवशी कॉकपिट रंगवा, क्लिअर कोट राहू द्या. सगळ्यात चांगला काळ दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्डा यात्रेपर्यंतचा. कोरडी, बेताची हवा, कधीही बसा.

आणि बंद कारमध्ये मॉडेल ठेवून कुठे जाऊ नका. डॅशबोर्डवर तर नकोच नको.

रंगात सारखे केस आणि तंतू अडकतात. कुठून येतात?

तुमच्या टॉवेलमधून. गंमत नाही. आपल्या गावचा टर्किश टॉवेल अंग पुसायला फक्कड, पण ओल्या रंगाशेजारी तो शत्रू आहे. नव्या टॉवेलाचे तंतू दिवसभर हवेत तरंगत असतात. यंत्रमागांच्या भागात घर असेल तर विचारूच नका. टेबलावर टॉवेल, चादर काही अंथरू नका. पुसायला चष्म्याचं मऊ कापड किंवा धुऊन धुऊन विरलेलं धोतर घ्या. रंगवायच्या आधी फरशीवर पाणी शिंपडा, पंखा बंद करा, रंगवून झालं की मॉडेलवर पालथा डबा घाला. तरी तंतू अडकलाच तर ओला असताना उपटू नका. वाळू द्या, २००० ने घासा, तेवढ्यावर पुन्हा रंग मारा.

एअरब्रश घ्यायलाच हवा का?

पहिल्या दोन-तीन किटना नाही. नंतर हौस टिकली तर घ्या: ०.३ मिलीमीटरचं नोझल, दुहेरी कामाचं बटण (दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग), आणि टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर. बिनटाकीच्या कॉम्प्रेसरची हवा धडधडत येते. दाब १५ ते २० पीएसआय पुरे. खर्चापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे धुणं. दर वेळी रंगवण्याइतकाच वेळ धुण्यात जातो, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात त्यासाठी वेगळी बाटली भरून ठेवायची सवय लावावी लागते.

घरात वास येतो म्हणून तक्रार आहे.

तक्रार रास्त आहे. सिमेंट, लॅकर, एनॅमल यांची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते. देवघरातली समई, गॅसची शेगडी, उदबत्ती यांच्या आसपास फवारणी करू नका. खिडकीजवळ बसा, जमल्यास पुठ्ठ्याच्या खोक्याला मागून एक्झॉस्ट फॅन बसवून हवा बाहेर सोडा. करोनाच्या वेळचा कापडी मास्क वाफेला उपयोगाचा नाही, कोळशाच्या डब्यांचा मास्क लागतो. तो हार्डवेअरमध्ये मिळतो. ॲक्रिलिकला वास कमी, म्हणून भुकटी नाकात जायची थांबते असं नाही.

चाळिशी लागली ओ, हात पण थरथरतो. जमंल का?

जमतं. घड्याळजी डोळ्याला लावतात ती लूप किंवा डोक्याला बांधायचं भिंग आणि डाव्या बाजूने चांगला एलईडी दिवा, याने अर्धं काम होतं. थरथर कमी करायला दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवा आणि करंगळीला करंगळी भिडवा. मग ब्रश आणि भाग एकत्रच हलतात, फरक पडत नाही. वैमानिकाच्या गॉगलची पट्टी रंगवायची असेल तर सकाळच्या चहाच्या आधी रंगवा.

डिकल चिकटवली की तिच्याभोवती चंदेरी कडा दिसते.

खाली अडकलेली हवा आहे ती. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, त्यामुळे डिकल त्यावर नीट टेकत नाही. आधी ग्लॉस कोट मारा, त्यावर डिकल, शेवटी मॅट. मायक्रो सेट आणि मायक्रो सोल या दोन बाटल्या जरूर मागवा. दुसरीने डिकल मऊ होऊन रेषांच्या खाचांत उतरते. ती सुरकुतल्यासारखी दिसेल, घाबरून बोट लावू नका, वाळताना ताणली जाते.

बोअरचं पाणी वापरू नका. क्षारांचे पांढरे डाग उरतात आणि गडद रंगावर ते लगेच दिसतात. आरओचं किंवा इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या.

रंग बिघडला, सगळा काढता येतो का?

ॲक्रिलिक असेल तर आयपीएने, किंवा न पातळ केलेल्या डेटॉलमध्ये रात्रभर बुडवून. डेटॉलमधून काढल्यावर लगेच पाण्यात धरू नका, चिकट लगदा होतो. आधी डेटॉलमध्येच भिजवलेल्या ब्रशने घासा, मग साबण. घरात दवाखान्याचा वास येईल.

भारतीय हवाई दलाचं विमान करायचंय. काय बघू?

परत येणारे बहुतेक जण मिग-२१ मागतात. १९६३ पासून सेवेत असलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये निवृत्त झालं आणि त्यानंतर विचारणा आणखी वाढली. पण ‘मिग-२१’ एवढं सांगून भागत नाही. आपल्याकडे टाइप ७७ म्हणजे एफएल, टाइप ९६ म्हणजे एम आणि एमएफ, टाइप ७५ म्हणजे बिस, आणि बिसवरून केलेलं बायसन, अशी पिढ्यांची रांग आहे आणि ती दिसायलाही वेगळी आहेत. एफएलची कॅनॉपी पुढच्या बाजूला उघडते आणि पाठ सडपातळ. एमएफची कॅनॉपी बाजूला उघडते आणि पाठीवरचा उंचवटा ठसठशीत. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ला करणारं विमान करायचं असेल तर एफएल हवं. त्याच दिवशी श्रीनगरहून नॅट घेऊन झेपावलेल्या फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांना परमवीर चक्र मिळालं, हवाई दलातलं आजवरचं एकमेव. नॅट १/७२ मध्ये एवढंसं होतं, पण कमी भागांचं आणि पहिल्या जेटसाठी सोयीचं आहे. लोंगेवालाची हंटर करायची तर हिरवा-राखाडी कॅमोफ्लाज ब्रिटिशांसारखाच आहे, रंग शोधावे लागत नाहीत.

चंदेरी, रंग न दिलेल्या धातूचं विमान मात्र दुसऱ्या-तिसऱ्या किटला ठेवा. त्यावर प्रत्येक ओरखडा आरशासारखा दिसतो. खाली चकचकीत काळा हात मारून वर चंदेरी मारली की धातू खरा वाटतो.

हवाई दलाच्या गोल चिन्हात मध्ये हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. काही परदेशी डिकलमध्ये केशरी लालसर छापलेला असतो, घेण्याआधी फोटो मोठा करून बघा. आणि नाकाखाली चाक असलेली जेट शेपटीवर बसतात. धड बंद करण्याआधी नाकात वजन भरा. सायकलच्या दुकानातले छर्रे फेविकॉलमध्ये कालवून घातले की झालं.

प्रत्यक्ष विमानं बघायची तर उद्यान एक्स्प्रेसने बेंगळुरू गाठा. तिथल्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) संग्रहालयात मारुत हे भारतात बनलेलं लढाऊ जेटसुद्धा उभं आहे: कुर्ट टँक यांनी आखलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं. चाकांचे पाय, चाकांच्या खोबणीचा आतला रंग, धुरकटलेलं शेपूट यांचे फोटो घ्या. समोरून सगळेच घेतात.

मळकं, वापरलेलं कसं दाखवायचं?

ग्लॉस कोटवर कॅम्लिनचा काळा आणि तपकिरी ऑइल कलर मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून रेषांमध्ये सोडा, अर्ध्या तासाने पुसा. पुसताना हात वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे. तेवढं पुरे. युद्धातलं विमानही मेकॅनिक रोज पुसत असतात.

खर्च किती येतो?

१/७२ मधलं चांगलं लढाऊ विमान साधारण हजार ते दोन हजारांत, १/४८ त्याच्या दुप्पट-तिप्पट. परदेशातून थेट मागवलं तर कस्टम्स आणि कुरिअर मिळून किटइतकाच भुर्दंड बसू शकतो. सुरुवातीला रंग पाच-सहाच घ्या: काळा, पांढरा, चंदेरी आणि त्या विमानाला लागतील तेवढे.

पोरांना सोबत घ्यावं का?

दहा वर्षांच्या आतल्यांना गमशिवाय नुसतं दाबून बसणारं किट द्या. ब्लेड तुमच्याच हातात ठेवा. कॉकपिटमधला वैमानिक त्यांना रंगवू द्या, लाल झाला तरी.

सेलमध्ये बारा किट घेतली. चूक झाली का?

सगळ्यांचंच होतं. घरात खरा आकडा सांगा, कपाट कधी ना कधी उघडलं जातंच. तेरावं घेण्याआधी एक पूर्ण करायचं, असा नियम घालून बघा.

सोलापूरचं म्हणून एखादं विमान करता येईल का?

का नाही? २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली आणि २०२५ च्या जूनमध्ये होटगी रोडवरून गोव्याचं एटीआर-७२ उडालं. गावात सगळ्यांनी पाहिलेलं विमान आहे, शोकेससमोर कुणाला समजावून सांगायला नको. प्रवासी विमानाला १/१४४ घ्या. एटीआरचा पंख धडाच्या वर बसतो, त्यामुळे तो सांधा वरून दिसतो, तिथे वेळ द्या. कंपनीची चिन्हं बाजारात नसतील तर डिकल पेपरवर लेझर प्रिंट काढता येते, फक्त प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. म्हणून खालचं विमान आधी पांढरं रंगवून घ्या.

तयार मॉडेल कुठे ठेवू?

काचेच्या बंद कपाटात, पश्चिमेच्या खिडकीसमोर सोडून कुठेही. उन्हाने डिकलचे रंग उडतात आणि पांढरा रंग पिवळा पडतो. टीव्हीवर, फ्रिजवर नको, तिथे धूळ आणि धक्के दोन्ही. धूळ काढायला मेकअपचा मऊ मोठा ब्रश वापरा, पण अँटेनाच्या तारा आणि नाकावरची नळी यांना टाळून. आणि दिवाळीच्या साफसफाईत ते कपाट तुम्हीच पुसणार आहात, हे घरात आधीच सांगून ठेवा.